लेआऊट पास होण्याआधी नकाशात नेमकं काय तपासतात? आमच्याकडे नालाच गायब आहे

पांदणवाला:

नमस्कार मंडळी. आमचं तालुक्याचं गाव, वर्धा नदीच्या पट्ट्यातलं. 2014-15 च्या सुमारास विदर्भातल्या कितीतरी तालुका मुख्यालयांच्या ग्रामपंचायती मोडून नगरपंचायती झाल्या, त्यात आमचीही झाली. तेव्हापासून गावाच्या चारी अंगांना लेआऊट पडताहेत, म्हणजे शेतं तोडून विकायचे प्लॉट पडताहेत. जिथे पऱ्हाटी उभी असायची तिथे आता सिमेंटचे खुंट आणि चुन्याच्या रेघा दिसतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पोरांच्या शाळा-कॉलेजासाठी खेड्यातून इथे येऊन राहणारी माणसं वाढली, त्यांना घरं लागणारच.

तक्रार एका लेआऊटच्या नकाशाची आहे. साधारण तीन हेक्टरचा गट. गावनकाशात त्या गटातून एक नाला तिरपा जातो. पावसाळ्यात वरच्या वावरांचं सगळं पाणी त्यातूनच खाली उतरतं. आता बुकिंग ऑफिसच्या भिंतीवर जो नकाशा टांगलाय त्यात नाला नाहीच. त्याच्या जागी दोन रांगा प्लॉट आणि मधून 9 मीटरचा सरळ रस्ता. ओपन स्पेस दाखवलीय ती खालच्या कोपऱ्यात, जिथे ऑगस्टमध्ये गुडघाभर पाणी साचतं. विचारलं तर म्हणतात, ‘टीपीला फाईल गेली आहे, होऊन जाईल.’

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हा नकाशा कोण तपासतो? तपासणारा माणूस जागेवर येतो का? आणि लगतच्या लोकांना बोलायची जागा कुठे आहे? ज्यांना यातलं ठाऊक आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा. इथे दरवर्षी शे-दोनशे कुटुंबं आयुष्याची पुंजी घालून प्लॉट घेतात, आणि हा नकाशा नीट वाचायला त्यांना कोणी शिकवत नाही.

रेघोटी:

पांदणवाला भाऊ, मी परवानाधारक अभियंता आहे, अमरावती विभागातल्या लहान गावांच्या फायली करतो. जमेल तेवढं सांगतो.

मूळ कायदा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966. त्याच्या कलम 44 खाली मालक अर्ज करतो, कलम 45 खाली नियोजन प्राधिकरण परवानगी देतं, अटी घालतं किंवा नाकारतं. तुमच्याकडे नियोजन प्राधिकरण म्हणजे नगरपंचायत, सही मुख्याधिकाऱ्यांची. तांत्रिक अभिप्राय नगररचना शाखेचा. लोक ‘टीपीला गेली’ म्हणतात ते हेच. नियम कुठले लावायचे, तर 2 डिसेंबर 2020 ला निघालेली एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. मुंबई आणि काही वगळलेले भाग सोडले तर राज्यभर तीच चालते, आपल्या लहान नगरपंचायतीलाही तीच.

लेआऊट दोन टप्प्यांत मंजूर होतो. आधी टेंटेटिव्ह, म्हणजे तात्पुरती मंजुरी. मग भूमी अभिलेख कार्यालयाकडून जागेवर मोजणी, रस्ते-प्लॉट-ओपन स्पेस प्रत्यक्ष आखणे. ती मोजणी नकाशाशी जुळली की फायनल. तुमचं प्रकरण अजून टेंटेटिव्हच्या आधी असेल तर तुम्ही वेळेत आहात. नाला नकाशावर आणायचा असेल तर हीच वेळ. एकदा फायनल होऊन खरेदीखतं झाली की त्या प्लॉटवर कोणाचं तरी घर असतं, आणि मग नाल्याची बाजू मांडायला कोणी उरत नाही.

टेबलवर काय बघतात तेही लिहितो. 7/12, मोजणीची क-प्रत (गटाच्या हद्दी दाखवणारा मोजणी नकाशा), झोन दाखला आणि भाग नकाशा, म्हणजे विकास योजनेत ती जमीन रहिवासी पट्ट्यात आहे की शेतीच्या, त्यावर शाळेचं किंवा रस्त्याचं आरक्षण आहे का. येण्याजाण्याचा रस्ता किती रुंद आहे. अंतर्गत रस्ते किमान 9 मीटर आणि रस्त्याची लांबी वाढली की रुंदीही वाढते. 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीत 10 टक्के मोकळी जागा. म्हणजे तुमच्या तीन हेक्टरात अंदाजे 0.3 हेक्टर. ती जागा स्वतंत्रपणे पोहोचता येईल अशी हवी. हायवेलगत असेल तर इमारत रेषा-नियंत्रण रेषा, म्हणजे रस्त्यापासून बांधकाम किती दूर ठेवायचं ते, रेल्वेलगत असेल तर हद्दीपासूनचं अंतर. नदीकाठी असेल तर पूररेषा: निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

अडचण इथेच आहे. पूररेषा आखलेली असते ती मोठ्या नद्यांची, तीही सगळीकडे नाही. आपल्या गावातल्या लहान नाल्याला अशी रेषा कोणी आखलेली नसते. त्याचा पुरावा एकच, गावनकाशा आणि जागेवरची पाहणी. अर्जासोबत जोडलेल्या नकाशात आर्किटेक्टने नाला दाखवला नाही आणि पाहणीला येणारा माणूस एप्रिल-मेमध्ये आला, तर त्याला तिथे काय दिसणार? कोरडं, भेगाळलेलं वावर.

कापूसकाठ:

भाऊ, तुमच्याकडलंच नाही, आमच्याकडेबी हेच हाये. माह्या वावराच्या खालच्या आंगाले लेआऊट पडला. पयले पानी नाल्यानं सरळ जाये. त्याइनं मुरूम टाकून तीन-चार फूट भरन केलं, नाल्यात दोन सिमेंटचे पाइप टाकले आन वरून रस्ता. आता पानी फिरून माह्याच वावरात येते. यंदाच्या खरिपात धुऱ्यापासून बारा-पंधरा तासं, म्हनजे ओळी, सोयाबीनचं पानी ओसरलं नाही, मुळ्या सडल्या. तलाठ्याले सांगतलं, त्यानं म्हटलं नगरपंचायतीत जा. नगरपंचायतीत गेलो त म्हनते तुमचं वावर हद्दीच्या बाहेर हाये. आता सांगा, पानी का हद्द पाहून येते?

जुना मोजणीदार:

कापूसकाठ भाऊ, तुमच्यासाठी आधी. मी भूमी अभिलेखातून निवृत्त झालो, अनेक वर्षं विदर्भातल्याच तालुक्यांत काढली. शेतीच्या जमिनीवरून नैसर्गिकपणे वाहणाऱ्या पाण्याला कोणी बेकायदा अडथळा केला आणि शेजारच्या शेताचं नुकसान होतंय, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. अडवलेली पांदण मोकळी करून घ्यायला लोक ज्या कायद्याखाली जातात तोच हा. पण मुदत सहा महिन्यांची आहे, अडथळा झाल्यापासून. त्यामुळे या खरिपात पुन्हा पाणी तुंबेपर्यंत थांबू नका, आधी मुदतीचं वकिलाकडून बघून घ्या. भरण कोणत्या महिन्यात टाकलं, मुरमाचे ट्रॅक्टर कधी आले, हे शेजारच्या दोन शेतकऱ्यांना आठवत असेल तर त्यांना सोबत न्या.

आता पांदणवाल्यांच्या नकाशाबद्दल. गावनकाशा हे आपल्या हातातलं सगळ्यात मजबूत कागद आहे आणि लोक तो काढतच नाहीत. भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात नक्कल मिळते. त्यात गाडीरस्ता दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो, नाला वळणावळणाने आखलेला असतो, गटाच्या आतून जातो की हद्दीवरून ते स्पष्ट दिसतं. लेआऊटचा नकाशा ट्रेसिंगवर त्याच प्रमाणात काढून गावनकाशावर ठेवा. मी नोकरीत असताना कित्येकदा हे केलंय, खिडकीच्या काचेला दोन्ही कागद लावून. नाला नेमका कोणत्या प्लॉट नंबरांतून जातो ते पाच मिनिटांत कळतं. मग तुमचा आक्षेप ‘इथून पाणी जातं’ असा मोघम राहत नाही. ‘प्लॉट अमुक ते अमुक नाल्यावर आहेत’ असा होतो, आणि त्याला उत्तर द्यावंच लागतं.

मुरूम:

मी लेआऊट पाडतो. इथे बहुतेकांना माझा राग येईल, तरी दुसरी बाजू लिहितो कारण ती लिहिली जात नाही.

पांदणवाला साहेब म्हणतात तो नाला दाखवायलाच हवा, त्यात दुमत नाही. पण नियमाने जाणाऱ्या माणसाचं काय होतं ते बघा. मोजणीचा अर्ज, तारीख मिळेपर्यंत महिने. फाईल टाकली की एक त्रुटी निघते, ती भरून दिली की दुसरी निघते, जी पहिल्याच वेळी सांगता आली असती. आज नगररचनेचा तपासणी करणारा रचना सहायक सुट्टीवर, उद्या ऑनलाइन प्रणाली बंद. कायदा सांगतो 60 दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाल्याचं मानलं जाईल. पण त्या मानीव परवानगीवर बँक कर्ज देत नाही, गिऱ्हाईक प्लॉट घेत नाही. एवढ्या काळात शेजारचा माणूस कच्चा लेआऊट पाडतो, नोटरीच्या कागदावर प्लॉट विकून मोकळा होतो. त्याला 9 मीटरचा रस्ता नाही, ओपन स्पेस नाही, मोजणी नाही. आणि मग काही वर्षांनी गुंठेवारी कायद्याखाली ते नियमाधीन करून मागतात. 2001 चा कायदा, आणि 2021 मध्ये त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली. मग सांगा, नियमाने जाणारा शहाणा की न जाणारा?

तुम्हाला नाला वाचवायचा असेल तर कार्यालयात माणसं भरा. तालुक्याच्या गावाला एक अभियंता, त्याच्याकडेच पाणीपुरवठा, त्याच्याकडेच घरकुल, त्याच्याकडेच रस्ते. तो फाईल उघडून गावनकाशा कधी बघणार?

रेघोटी:

मुरूम भाऊ, तुमचं म्हणणं मला पटतं, एका जागी सोडून. त्रुटी एकेक करून काढणं ही वाईट सवय आहे आणि त्याविरुद्ध महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अपील करता येतं. बांधकाम परवाना, जोते तपासणी, भोगवटा प्रमाणपत्र या त्यात अधिसूचित सेवा आहेत. आम्ही अभियंते लोक अपील करत नाही कारण पुढच्या फायलीला त्रास होईल अशी भीती असते. ती भीती खरी आहे, तरी दोन-चार जणांनी मिळून केलं तर फरक पडतो.

न पटलेली जागा मानीव परवानगीची. तिच्यातही अट आहे की बांधकाम नियमांत बसलं पाहिजे. नाल्यावर प्लॉट पाडलेला नकाशा 60 दिवस पडून राहिला म्हणून कायदेशीर होत नाही. हे मी माझ्या अशिलांनाही सांगतो.

माणसं कमी आहेत, हे शंभर टक्के खरं. पण स्थळपाहणी हे काम कागदावर करून चालतच नाही. लेआऊटचा अर्ज आला की पाहणी पावसाळ्यात किंवा पावसाळ्यानंतर लगेच व्हावी, आणि पाहणीच्या टिपणात जमिनीचा उतार कुठून कुठे आहे, वरचं पाणी कुठून येतं, खाली कुठे जातं, हे तीन वाक्यांत लिहिलेलं असावं. आमच्याकडच्या एका रचना सहायकांनी हे सुरू केलं होतं. हातात अडीच मीटरची लाकडी पट्टी आणि पाण्याची नळी घेऊन ते धुऱ्यावरून चालायचे. त्यांच्या काळात मंजूर झालेल्या लेआऊटांत आजही पाणी तुंबत नाही.

अंगणातली:

मी इथे फारशी लिहीत नाही, पण हे वाचून राहवलं नाही. आम्ही दोन वर्षांपूर्वी प्लॉट बघत होतो. दलालाने छापील रंगीत नकाशा दिला, त्यात आमचा प्लॉट बागेला लागून होता, तो म्हणाला पूर्वमुखी आहे, समोर बाग आहे, आणखी काय हवं. माझे सासरे जुन्या वळणाचे, ते म्हणाले शिक्क्याचा नकाशा दाखवा. नगरपंचायतीत माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, दहा रुपयांचं तिकीट लावून. मंजूर नकाशाची प्रत मिळाली. त्यावर जावक क्रमांक, तारीख, मुख्याधिकाऱ्यांची सही, आणि ओपन स्पेस हिरव्या रेघांनी दाखवलेली.

आमचा तो प्लॉट शिक्क्याच्या नकाशात नव्हताच. रंगीत नकाशातली ‘बाग’ लहान करून तिच्यातून चार प्लॉट काढले होते, त्यातला एक आम्हाला दाखवला होता. आम्ही घेतला नाही. पण आमच्या आधी ज्यांनी इसार दिला होता त्या घरची बाई अजून मला बाजारात भेटते. तिचे पैसे अर्धेच परत मिळाले.

ताईंनो आणि दादांनो, रंगीत नकाशावर कधीच जाऊ नका. शिक्क्याची प्रत मागा. देत नसेल तर तिथून उठा.

रेघोटी:

अंगणातली ताई, तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

आणखी एक जोडतो. पांदणवाल्यांच्या गावात फाईल अजून मंजूरच नाही आणि बुकिंग सुरू आहे, हे गंभीर आहे. तीन हेक्टरसारख्या मोठ्या जमिनीचा प्रकल्प असेल तर महारेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात करणं, बुकिंग घेणं कायद्याने मना आहे. स्थावर संपदा कायदा 2016 चा. लोकांना वाटतं तो पुण्या-मुंबईच्या टॉवरांसाठी आहे. नियोजन क्षेत्रातल्या प्लॉटच्या लेआऊटलाही तो लागू आहे. बुकिंग ऑफिसात जाऊन नोंदणी क्रमांक विचारा, महारेराच्या संकेतस्थळावर तो तपासा.

वॉर्डातला:

मी पूर्वी नगरपंचायतीत सदस्य होतो. लगतच्या लोकांना बोलायची जागा कुठे, हा प्रश्न मूळ पोस्टमध्ये होता, त्याचं उत्तर अजून आलं नाही.

एकेका लेआऊटवर जनसुनावणी होत नाही. परवानगी ही अर्जदार आणि प्राधिकरण यांच्यातली गोष्ट आहे. बोलायची कायदेशीर जागा विकास योजनेच्या वेळी येते. प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली की नगररचना अधिनियमाच्या कलम 26 खाली 30 दिवस हरकती-सूचना घेतात, मग समिती सुनावणी घेते. आमच्या गावाची योजना निघाली तेव्हा नकाशा कार्यालयाच्या भिंतीवर लावला होता. हरकती आल्या त्या जवळपास सगळ्या ‘माझ्या जमिनीवरचं आरक्षण काढा’ अशा. नाले, पांदणी, गुरांचं पाणी, स्मशानाचा रस्ता यावर कोणी लिहिलं नाही. जो तो आपलं वावर बघत होता, आणि सामायिक जागांची बाजू घेणारं कोणी नव्हतं. मी सभेत बोललो, पण लेखी हरकत नसेल तर बोलण्याला किंमत नसते.

ज्यांच्या नगरपंचायतीची योजना अजून निघायची आहे त्यांनी आत्तापासून गावनकाशा काढून ठेवा. नाला योजनेच्या नकाशात निळ्या रंगाने आला की पुढे प्रत्येक लेआऊटला तो दाखवावाच लागतो. आणि तोवर? लेखी तक्रार मुख्याधिकाऱ्यांना, प्रत जिल्ह्याच्या सहायक संचालक, नगररचना यांना, दोन्हीकडून पोच घ्या. सुनावणी नसली तरी पोच असलेला कागद फायलीत लागतो, आणि माहिती दडवून परवानगी घेतली असं पुढे सिद्ध झालं तर नियमावलीत ती रद्द करण्याची तरतूद आहे.

कापूसकाठ:

जुना मोजणीदार काका, मी आज तहसीलात गेलतो. भरन मार्चात टाकलं होतं, ते शेजारच्या दोघाइले आठवते, मुरमाच्या खेपा त्याइच्याच बांधावरून गेल्या. वकील म्हनते मुदत अजून हाये, पन दिवस थोडे हायेत. सोमवारी दावा टाकतो. तुमचे उपकार हायेत.

आन वॉर्डातले भाऊ, आमचं गाव हद्दीबाहेरचं, म्हनजे आमच्याकडं गावठानाबाहेर परवानगी कोन देते? तिथंबी प्लॉट पडून रायले.

रेघोटी:

कापूसकाठ भाऊ, नगरपंचायत हद्दीबाहेर प्रादेशिक योजना लागू असेल तर नगररचना अधिनियमाच्या कलम 18 खाली जिल्हाधिकारी, प्रत्यक्षात त्यांनी अधिकार दिलेले महसूल अधिकारी, आणि तांत्रिक बाजू नगररचना विभागाची. गावठाणापासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीला जमीन महसूल संहितेच्या कलम 42-ड मुळे स्वतंत्र एनए (बिनशेती) आदेशाची गरज राहिली नाही. लोक त्याचा अर्थ ‘आता काहीच परवानगी नको’ असा काढतात. तसं नाही. शेतीचा वापर बदलणं वेगळं, लेआऊट आणि बांधकामाचा नकाशा मंजूर करणं वेगळं. 42-ड ने नाला बुजवायचा परवाना कोणाला दिलेला नाही.

पांदणवाला:

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते लिहितो.

गावनकाशाची नक्कल काढली. जुना मोजणीदार काकांनी सांगितलं तसं दोन्ही नकाशे एका प्रमाणात झेरॉक्स करून खिडकीला लावले. नाला प्लॉटांच्या दोन रांगांतून तिरपा जातो आणि थेट त्या ‘ओपन स्पेस’मध्ये उतरतो. लगतच्या सहा शेतकऱ्यांच्या सह्या घेऊन प्लॉट नंबरांसकट तक्रार दिली, दोन्हीकडून पोच घेतली. बुकिंग ऑफिसात महारेराचा क्रमांक विचारला, ‘प्रोसेसमध्ये आहे’ म्हणाले. तोही मुद्दा अर्जात घातला.

त्यानंतर नगरपंचायतीचे अभियंता जागेवर आले. खरं सांगतो, माणूस भला निघाला. चार दिवसांपूर्वी पाऊस पडला होता, नाल्याच्या तळात अजून ओल होती आणि बेशरमाची झुडपं एका ओळीत उभी होती. त्यांनी काठीने उकरून पाहिलं, वाळू आणि गोटे लागले. म्हणाले, ‘हा नाला नाही असं कोण म्हणेल?’ पाहणीच्या टिपणात ते लिहिलंय, मी माहिती अधिकारात प्रत मागितली आहे. अर्जदाराला नाला आणि त्याच्या दोन्ही बाजूंची मोकळी पट्टी दाखवून सुधारित नकाशा सादर करा असं पत्र गेल्याचं कळलं. पत्र अजून मी पाहिलेलं नाही.

मुरूम भाऊ, तुमच्या माणसं भरण्याच्या मुद्द्यावर आम्ही वेगळं निवेदन देतोय, त्यावर तुमचीही सही हवी आहे. लेआऊट पाडणाऱ्याची सही असली तर त्याला वजन येईल.

मुरूम:

देतो. माझ्यासोबत अजून तिघे आहेत, त्यांच्याशी बोलतो. मसुदा इथे टाका.

जुना मोजणीदार:

पांदणवाला, एक गोष्ट राहिली. सुधारित नकाशा टेंटेटिव्ह झाला की मोजणी लागेल. मोजणीची नोटीस लगतच्या खातेदारांना येते. बहुतेक लोक ती सही करून ठेवून देतात आणि मोजणीच्या दिवशी वावरात कामाला जातात. त्या दिवशी सहाही जण हजर राहा. भूकरमापक खुणा दाखवेल तेव्हा नाल्याची दोन्ही काठं त्याच्याकडून मोजून घ्या, ती नकाशावर आली का बघा, आणि पटलं नाही तर तिथेच लेखी हरकत द्या. पंचनाम्यावर सही करण्याआधी वाचा. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे.

पांदणवाला:

नोटीस आली की तारीख इथे टाकतो, काका. तुम्ही जवळपास असाल तर त्या दिवशी याच. जेवण आमच्याकडे.